‘पण’ म्हटलं की कलशेट्टी सर

कलशेट्टी सरांसमोर ‘पण’ म्हणायचं नाही, हे आमच्या कॉलनीतल्या लहान पोरांनाही माहीत आहे. म्हटलंत की सरांच्या उजव्या हाताचं बोट वर जातं. बोट वर गेलं की वाक्य जिथं असेल तिथं थांबवायचं. मग सर मान जराशी तिरकी करतात आणि विचारतात, “थांबा की. ‘पण’च्या अलीकडचं खरं, का पलीकडचं?”

मी पहिल्यांदा सापडलो तो त्यांच्याच घरी. शांतावहिनींनी, म्हणजे सरांच्या मंडळींनी, चहा आणून ठेवला. मी एक घोट घेतला आणि म्हणालो, “वहिनी, चहा झकास झालाय, पण साखर...” बोट वर. वहिनी ट्रे घेऊन तशाच उभ्या.

“पाठक, अलीकडचं का पलीकडचं?”

“अलीकडचं,” मी घाबरून म्हणालो.

“मग पलीकडं गेलातच कशाला?”

वहिनी हसत आत गेल्या आणि साखरेचा डबा घेऊन आल्या. मी तो परत पाठवला आणि अगोड चहा मुकाट्याने संपवला. गेली पस्तीस वर्षं मी त्यांच्याकडे तसाच चहा पितोय.

आम्ही दोघे एकाच शाळेतले. ते इंग्रजीचे शिक्षक, मी ऑफिसातला क्लार्क. शाळेतल्या आम्हा काही जणांनी मिळून गावाबाहेर जुळे सोलापुरात प्लॉट घेतले, तेव्हा इथं बाभळी आणि विंचू यांचीच वस्ती होती. माझं आणि सरांचं कंपाऊंड एकच. त्या भिंतीवरून आजवर ताटं, वाट्या, पेपर, मोसंबीची साल वाळवायला घातलेली सुपं आणि सरांचं इंग्रजी व्याकरण असं सगळं इकडून तिकडे गेलेलं आहे.

आता इंग्रजी व्याकरण शिकवणारे शिक्षक गावोगाव असतात. कलशेट्टी सरांचा जीव मात्र व्याकरणातल्या एकाच कोपऱ्यात अडकलेला. एका वाक्यात दोन उलट गोष्टी कशा नांदतात, तेवढंच त्यांना बघायचं असतं. त्या दोन गोष्टी जोडणारे जे बारके शब्द, त्यांना ते माणसंच समजतात. त्यांच्याविषयी बोलताना त्यांचा आवाज असा होतो की नवख्याला वाटावं, नात्यातल्या कुणाची तरी गोष्ट निघाली आहे.

“‘बट’ हा नवी पेठेतल्या गर्दीतला माणूस,” ते सांगतात. “पुढच्याला कोपरानं बाजूला सारतो आणि स्वतः दुकानात शिरतो. ‘बट’च्या आधी काय बोललात ते गेलं. समोरच्याला फक्त नंतरचं ऐकू येतं.”

“आणि ‘ऑल्दो’?” मी मुद्दाम काडी टाकतो.

“तो सभ्य. जे काही उणं आहे ते चपलेसारखं दाराबाहेर काढून ठेवतो, मग आत येतो. बाहेर चप्पल आहे हे सगळ्यांना दिसतं. लपवत नाही तो. आत बसतो मात्र माणूस.”

‘यट’ हा ‘बट’चाच भाऊ, पण जरा भाबडा, असं त्यांचं मत. (हा ‘पण’ मी लिहितोय, सर वाचणार नाहीत अशा भरवशावर.) “‘पुअर बट ऑनेस्ट’ हे नुसतं सांगणं झालं. ‘यट’ म्हटलं की सांगणाऱ्याचे डोळे मोठे होतात, की बघा, गरीब असून प्रामाणिक! आता गरीब आणि प्रामाणिक यांच्यात मुळात ‘बट’ कशाला लागतो, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही, पाठक.” ‘व्हेअरॅज’ म्हणजे मोजणीदार. दोघांना शेजारी उभं करतो, उंची सांगतो आणि निघून जातो, कुणाची बाजू घेत नाही. ‘हाउएवर’ला तर ते आपल्या यादीत धरतच नाहीत. “त्याला आधी फुलस्टॉप पाहिजे, मग मागून कॉमा पाहिजे, वेगळी खोली पाहिजे. एका घरात राहणं त्याला जमत नाही. पाहुणा तो.”

नववीच्या वर्गात त्यांचा एक तास ठरलेला असायचा. आमची सोलापूरची पोरं ‘ऑल्दो’ने वाक्य सुरू करायची आणि मध्येच ‘बट’ घालायची. त्यावर सर ओरडत नसत. खुर्चीवर बसून समजावून सांगत. “आपल्या मराठीत ‘जरी’ आला की मागून ‘तरी’ येतोच. नवराबायको हायत ती. म्हणून तुमी ‘ऑल्दो’चंही लगीन लावून टाकताय. इंग्रजीतला ‘ऑल्दो’ ब्रह्मचारी हाय रे! त्याला बायको देऊ नका.” ही पोरं आता पन्नाशीला आली. त्यातली बरीचशी इंग्रजी विसरली, हा ब्रह्मचारी मात्र कुणी विसरलेलं नाही.

मी ऑफिसातला माणूस. माझा संबंध रजिस्टर, शिक्के आणि गठ्ठे यांच्याशी. सर बोलायला लागले की सुरुवातीला मला गंमत वाटायची, नंतर कुतूहल वाटायला लागलं, आणि पुढं पुढं तर त्यांचं खूळ मलाच लागलं. भाजी घेताना, रिक्षात बसताना, लग्नाच्या पंगतीत मी लोकांचे ‘पण’ ऐकायला लागलो. “मेथी ताजी हाय, पण जुडी बारकी हाय.” “जुडी बारकी हाय, पण ताजी हाय.” भाजीवालीनं पहिलं वाक्य म्हटलं तर मी पुढं सरकतो आणि दुसरं म्हटलं तर पिशवी उघडतो, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी मंडईत उभ्या उभ्या हसलो. मेथी एकच होती.

सरांच्या या विद्येचा कॉलनीला फार उपयोग झाला. सोसायटीची नोटीस, कुणाचा राजीनामा, कुणाची तक्रार, सगळं आधी सरांच्या व्हरांड्यात यायचं. एकदा आमच्याकडच्या एका स्थळाची गोष्ट. मध्यस्थानं मुलीकडच्यांना सांगितलं होतं, “मुलगा चांगला आहे, पण एका कानानं जरा कमी ऐकतो.” गाडी तिथंच अडली. सरांनी मध्यस्थाला बोलावून घेतलं, बसवलं आणि म्हणाले, “तुम्ही खोटं बोलू नका. एक शब्दही बदलू नका. फक्त कान आधी सांगा आणि मुलगा नंतर.” मध्यस्थ दुसऱ्या दिवशी गेला आणि म्हणाला, “एका कानानं जरा कमी ऐकतो, पण मुलगा चांगला आहे.” लग्न झालं. त्या मुलीनं पुढं मला सांगितलं की तो कान तिच्या बाजूला कधी येऊ द्यायचा आणि कधी नाही, हे त्याला चांगलं कळतं.

मात्र सरांची खरी कीर्ती शेऱ्यांची. प्रगतिपत्रकावर वर्गशिक्षकानं शेरा लिहायचा असतो. बाकीचे शिक्षक ‘गुड’, ‘फेअर’, ‘कॅन डू बेटर’ असे रबरी शिक्के मारल्यासारखे शेरे मारून मोकळे व्हायचे. सर एकेका पोरासाठी कागदाची चिठ्ठी घ्यायचे. डाव्या बाजूला उणं, उजव्या बाजूला अधिक. मग रिकाम्या वर्गात जाऊन त्या पोराच्या बाकासमोर उभे राहायचे आणि मध्ये कोणता शब्द घालायचा ते ठरवायचे. साठ पोरं म्हणजे साठ बाक. मी ऑफिसातून किल्ल्या घेऊन त्यांच्या मागं मागं, कारण शाळा बंद करायची असायची. विचारलं तर म्हणायचे, “दोन्ही बाजू खऱ्याच असतात हो. त्या कुणीही लिहील. जोड कसा द्यायचा, तिथं मास्तर लागतो.”

एका बडबड्या पोराला त्यांनी लिहिलं होतं की जरी हा कधी गप्प बसत नाही, तरी हा कधी खोटं बोलत नाही. इंग्रजीत, एकाच ओळीत, ब्रह्मचारी ‘ऑल्दो’ वापरून. त्या पोराचं आता नवी पेठेत कापडाचं दुकान आहे आणि काउंटरच्या काचेखाली त्यानं तेव्हा वहीच्या पानावर उतरवून घेतलेला तो शेरा आहे. बोलणं अजून थांबलेलं नाही. “काका, हा पीस धुतल्यावर आटणार बघा,” असं तो मला स्वतःहून सांगतो आणि मी तोच घेतो.

आता प्रगतिपत्रकाची आमच्या शाळेतली रीत सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट तिच्यावर आहे. सहामाहीचं पत्रक वेगळं, वार्षिकचं वेगळं. शनिवारी पत्रक घरी न्यायचं, खाली ‘पालकांची सही’ असं छापलेलं असतं तिथं सही घ्यायची आणि सोमवारी परत आणायचं. मी ते रजिस्टरला घ्यायचो, नावापुढं टीक करायचो आणि तुकडीवार गठ्ठा बांधायचो. माझ्या गठ्ठ्यातून पत्रक कधी बाहेर गेलं नाही. सोमवारी ज्याचं पत्रक नाही, त्यानं सरांच्या तासाला वर्गाबाहेर उभं राहायचं. या नियमाला सरांकडे ना ‘बट’ होता ना ‘ऑल्दो’.

सरांची एकुलती एक मुलगी विजया नववीला त्यांच्याच वर्गात आली आणि घोटाळा झाला. वर्गशिक्षक म्हणून शेरा लिहिणारे कलशेट्टी आणि पालक म्हणून सही करणारेही कलशेट्टी. सरांनी त्यावर स्वतःच निकाल दिला. “ज्यानं शेरा लिहिला त्यानंच सही करायची, हे काय बरोबर नाही. सही आईच करेल, आजवर करत आली तशी.” वहिनी अक्कलकोटकडच्या, कन्नड शाळेत शिकलेल्या. विजयाच्या आधीच्या पत्रकांवर त्यांची कन्नड अक्षरांतली गोल गोल सही असायची आणि हेडमास्तर दरवेळी मला विचारायचे, “हे जिलबीसारखं काय आहे?”

नववीच्या सहामाहीचं पत्रक घरी गेलं, त्या रविवारी वहिनी कंपाऊंडपाशी आल्या. हातात पत्रक. “भावजी, ह्यांनी पोरीला काय लिवलंय तेवढं वाचा की. विचारलं तर सांगंनात. पोरगी सकाळपासनं जेवली न्हाई.”

मी वाचलं. लिहिलं होतं, ‘हार्डवर्किंग बट नॉट ब्रिलियंट.’

साठ पोरांसाठी साठ बाकांपुढं उभा राहणारा माणूस, त्यानं स्वतःच्या पोरीला हे लिहावं? मी मराठी करून सांगितलं, “कष्टाळू आहे, पण फार हुशार नाही.”

वहिनींनी पत्रक माझ्या हातातून घेतलं आणि कन्नडमध्ये एवढंच म्हणाल्या, “ना सही माडंगिल्ला.” मी सही करणार नाही. “ज्यांनी लिवलं त्यांनीच करावी.”

सोमवारी विजया पत्रकाशिवाय आली. सरांनी तिला वर्गाबाहेर उभं केलं. मंगळवारीही केलं. त्या आठवड्यात ऑफिसच्या खिडकीतून मला रोज दोघं दिसायची. पोरगी दाराबाहेर वही छातीशी धरून उभी आणि सर आत शिकवतायत. एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. सर एरवी फळ्याशी उभे राहायचे. त्या आठवड्यात ते दाराकडं तोंड करून, नेहमीपेक्षा मोठ्यानं शिकवत होते. सही मात्र ते करेनात आणि वहिनीही करेनात.

शुक्रवारी मी नोकरीतलं एकमेव खोटं काम केलं. रजिस्टरला विजया कलशेट्टी या नावापुढं टीक मारली आणि शिपायाकरवी वर्गात निरोप पाठवला की पत्रक जमा झालं. विजया आत जाऊन बसली. सरांनी मला कधी काही विचारलं नाही. मला वाटलं, त्यांना कळलंच नाही.

पुढं विजयानं गणित घेतलं. “तिथं कंजंक्शन नसतात, काका,” असं मला म्हणाली होती. शिकली, बार्शीला शिक्षिका झाली, तिथंच लग्न केलं, संसार चांगला चालला. दर संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेसाठी माहेरी यायची. बापलेकीत भांडण नव्हतं. घरात कन्नडमध्ये बोलणं चालायचं, ते बहुतेक जेवलीस का आणि गाडी कितीची आहे एवढंच.

दोन वर्षांपूर्वी बार्शीतल्या एका मंडळानं विजयाचा उत्तम शिक्षिका म्हणून सत्कार केला. सर आणि वहिनी खास गेले, सोबत मी. शाल झाली, नारळ झाला. सूत्रसंचालकाला कुणीतरी सांगितलं की बाईंचे वडील आलेत आणि तेही शिक्षक आहेत. झालं, सरांना वर बोलावलं, दोन शब्द बोला म्हणून आग्रह केला. सरांनी माइक हातात घेतला. विजया शाल पांघरून शेजारी उभी होती. सर म्हणाले, “ही माझी विद्यार्थिनी. नववीत मी हिला शेरा दिला होता, हार्डवर्किंग बट नॉट ब्रिलियंट.”

सभागृह खळखळून हसलं. टाळ्या पडल्या. सूत्रसंचालकाला वाटलं, सरांनी विनोद करून भाषण संपवलं. त्यानं “वा वा सर, धन्यवाद” म्हणून माइक काढून घेतला. सरांचं तोंड उघडंच होतं. विजया हसली, सगळे हसत होते तशी. जेवताना तिनं सगळ्यांना आग्रह करून वाढलं, सरांनाही वाढलं. त्यानंतर दोन संक्रांती गेल्या, विजया आली नाही. फोन यायचा तो आईला. सरांनी उचलला तर, “अव्वा आहे का?” एवढंच.

सरांना ते किती लागलं होतं हे त्यांनी तोंडानं सांगितलं नाही. ते वाक्य दुरुस्त करायला बसले.

वर्षभर त्यांच्या जेवणाच्या टेबलावर कागद पडलेले असायचे. मी गेलो की मला बसवायचे. “ऐका, पाठक. पुढं बोलायचं होतं मला. तो माइक घेऊन गेला आणि वाक्य अर्धं राहिलं. ते असं करू या का? ‘ऑल्दो’नं सुरू करू. जरी मी तुला हुशार म्हटलं नाही...”

“सर, त्यात पुन्हा हुशार नाही हे आलंच की.”

“चपलेसारखं बाहेर आहे हो ते.”

“चप्पल दिसतेच ना पण?”

माझ्या ‘पण’वर बोट वर आलं नाही. तेव्हा मला पहिल्यांदा काळजी वाटली. मग ‘यट’ झाला. ‘स्टिल’ झाला. एकदा तर ‘हाउएवर’सुद्धा झाला. ज्याला त्यांनी जन्मभर पाहुणा म्हणून बाहेर ठेवलं, त्याला घरात घेतलेलं पाहून मला कसंसंच झालं. अख्ख्या गावाची वाक्यं उलटीसुलटी करून संसार जुळवणाऱ्या या माणसाला स्वतःच्या लेकीला पाठवायची एक ओळ जमत नव्हती.

यंदा दिवाळीनंतर एक दिवस दुपारी असेच बसलो होतो. सर म्हणाले, “पाठक, चूक सापडली. ‘बट’ चुकला नव्हता, त्याच्या बाजू चुकल्या होत्या. ‘नॉट ब्रिलियंट बट हार्डवर्किंग’ असं नुसतं फिरवलं असतं तरी...”

वहिनी ताकाचे पेले घेऊन आल्या होत्या. त्यांनी पेले टेबलावर आपटले. ताक सरांच्या कागदांवर सांडलं.

“आग लागू दे तुमच्या इंग्लिशला! मागचं फुडं करा, फुडचं मागं करा. अवो, मास्तर काय बोलला ह्याचं तिला काय न्हाई. मास्तर बोलणारच की. तिचा बाप कुटं हुता तवा? आट दिवस पोरगी भाईर उभी हुती, बाप कुटं हुता? आन् त्या बार्शीतबी मास्तरच चढला वर. बाप खालीच ऱ्हायला.”

त्या आत गेल्या. ट्रंकेचं झाकण वाजलं. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला एक पिवळा कागद होता. माझ्या गठ्ठ्यात कधीच न आलेलं ते पत्रक. शेरा सरांच्या लाल शाईत तसाच होता. खाली ‘पालकांची सही’, आणि पुढं कोरी जागा.

सर खूप वेळ ती कोरी जागा बघत बसले. ताक निथळून फरशीवर आलं तरी हलले नाहीत.

“मी भ्यालो होतो, पाठक,” ते एकदम म्हणाले. “माझ्या पोरीला मी चांगला शेरा दिला असता तर गावाची पोरं म्हणाली असती, बघा, घरच्या पोरीला तेवढा ‘ऑल्दो’. तिच्या बाकापुढंही उभा राहिलो होतो मी. सगळ्यांत जास्त वेळ. उजवी बाजू भरून गेली होती चिठ्ठीची. मग फाडली ती.”

मी त्यांना चिठ्ठीवर काय होतं ते विचारलं नाही. विचारायला हवं होतं, आता चुटपुट लागते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही बार्शीला निघालो. वहिनी आल्या नाहीत. त्यांनी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधून दिली आणि पत्रक दुसऱ्या पिशवीत घालून दिलं. गाडीत चढताना कंडक्टर म्हणाला, “या की आजोबा, जागा हाय, पण लई मागं हाय.” मी सरांच्या हाताकडं बघितलं. हात पिशवीवरच होता. वाटेत वैराग आल्यावर त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली, वाचली आणि परत ठेवली. ओळ तयार होती तर.

दार विजयानं उघडलं. “या काका,” मला म्हणाली. मग त्यांच्याकडं बघून, “अप्पा?” दोन वर्षांत तिचे केस बरेच पिकलेले दिसले. टेबलावर उत्तरपत्रिकांचा ढीग, त्यावर लाल पेन. पाणी आणलं. आम्ही बसलो. सरांनी खिशाकडं हात नेला आणि मागं घेतला. चिठ्ठी खिशातच राहिली. पिशवीतून त्यांनी ते पत्रक काढलं आणि टेबलावर उलगडून ठेवलं.

विजयानं ते ओळखलं. ती उभीच राहिली.

“पेन दे,” सर म्हणाले.

तिनं टेबलावरचं लाल पेन पुढं केलं.

“लाल नको. लाल मास्तरचं असतं. पालकांची सही निळ्या शाईनं करतात.”

निळं पेन शोधायला ती आत गेली आणि आली. सरांनी चष्मा पुसला. त्या कोऱ्या जागेवर त्यांनी सही केली. सावकाश, पूर्ण नावाची. मग माझ्याकडं वळले. “काय हो पाठक, सोमवार गेला. उशिरा आलेलं चालतं का ऑफिसला?”

“उशिरा कुठं?” मी म्हणालो. “रजिस्टरला तेव्हाच टीक आहे.”

“माहीत आहे,” सर म्हणाले. “खोटी आहे ती. त्या दिवशी तुमच्या पाया पडावंसं वाटलं होतं मला.”

मी चटणीची पुडी उगीच सोडली आणि पुन्हा बांधली.

विजयानं पत्रक उचललं. सही बघितली, मग वरची लाल ओळ बघितली. तिचा आवाज नववीतल्या पोरीसारखा बारीक आला. “अप्पा, सही करायच्या आधी शेरा वाचायचा असतो. वाचला का?”

“वाचला की.”

“मग?”

सरांनी तिच्याकडं पाहिलं. लाल ओळीवर बोट ठेवलं आणि मान हलवली.

“मास्तर लई कडक हाय तुझा,” ते म्हणाले. “त्याचं काय मनावर घेऊ नको, बाळ. मी हाय की.”

विजया खाली बसली आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली. सरांचा तो उजवा हात तिच्या पिकल्या केसांवर होता. मी गॅलरीत जाऊन समोरच्या घरावरचं वाळवण बघत उभा राहिलो, म्हणजे मला ते दिसत होतं असं नाही.

जेवणं झाली. भाकरी, चटणी, तिनं घाईनं केलेलं पिठलं. निघताना तिनं पत्रक हातात धरून मला विचारलं, “काका, हे आता ऑफिसला परत द्यावं लागेल का?”

चौतीस वर्षांच्या नोकरीत मी गठ्ठ्यातला एक कागद कुणाला नेऊ दिला नव्हता.

“नाही,” मी म्हणालो. “ते तुझ्याकडेच राहू दे.”